सहावा गडी, गवत-वाऱ्याचा

चटणीच्या मिरच्या गच्चीवर पडल्या की आमच्या घरात कुणी कुणाशी धड बोलत नाही, नुसतं शिंकतं. एक शिंक माझी, एक मालकांची, आणि तिसरी आमच्या नातीची. नात म्हणजे लेकीची लेक. लेक-जावई तिकडं चंदगडला, काजूची बाग सांभाळतात. पोरगी अकरावीला म्हणून माझ्याजवळ कोल्हापुरात राहायला आली.

त्या शनिवारी दुपारी आम्ही दोघी गच्चीच्या दारात, सावलीला, मिरच्यांची देठं खुडत बसलो होतो. तिनं मोबाईल चटणीच्या रिकाम्या बरणीला टेकवून उभा ठेवलेला. एक देठ खुडायचं, एकदा मोबाईलकडं बघायचं.

"काय बघतीयास गं सारखं? कुणाचा फोन यायचा हाय?"

"फोन न्हाय आज्जी. टाइप ठरवायचाय. संध्याकाळी सहापर्यंत."

आता मला काय कळतंय टाइप! मी सातवीनंतर शाळा बघितली नाही. जे काय वाचलं ते पुड्या बांधून आलेल्या कागदांवरनं. पण विचारायला मला कधी लाज वाटली नाही. विचारलं, तर पोरीनं सगळं सांगितलं, आणि सांगितलं ते असं छान की मी खुडायचंच विसरले.

खेळ मोबाईलवरचा. दोन संघ, दोन्हीकडं सहा-सहा गडी. गडी म्हणजे माणसं नव्हेत, प्राणी, तेही कुठल्या रानात न सापडणारे. एका वेळी दोन्हीकडचा एकेक समोर येतो, नको वाटला तर त्याला मागं घेऊन दुसरा पाठवायचा. पण मागं घेताना आपली पाळी जाते. प्रत्येकाचा एक पिंड असतो, पोरं त्याला टाइप म्हणतात. कुणी आगीचा, कुणी पाण्याचा, कुणी मातीचा. पाणी आगीला विझवतं, आग गवताला जाळते, गवत पाणी पिऊन टाकतं. एकाला दोन-दोन पिंडही देता येतात. म्हणजे आपल्यासारखंच. आमच्या मालकांत लोणी आणि दगड दोन्ही आहे.

संघात सहाजण, सहा गावचे. एकमेकांचं तोंड कुणी बघितलेलं नाही. कप्तान म्हणजे नागपूरकडची एक बाई, दोन लेकरांची आई. मला तर हेच ऐकून तिचं कौतुक वाटलं. पाचजणांचे पाच गडी ठरलेले. सहावा खेळाडू सोडून गेला, त्याच्या जागी आमची पोरगी. पण कच्ची. रविवारी चार वाजता सामना, त्यात तिनं स्वतः घडवलेला नवा गडी उतरवायचा. तो उपयोगी पडला तर ती संघात, नाही तर दुसरं कुणी. आणि एकदा पिंड ठरला की खेळाचा हंगाम संपेपर्यंत बदलायचा नाही.

"मग न्हाय घेतलं तर न्हाय घेतलं. एवढं काय त्यात?" मी म्हटलं.

तिनं मिरचीचं देठ खुडता खुडता मिरचीच मोडली. मग खाली बघत म्हणाली, "कॉलेजात माझ्या बोलण्याला हसतात आज्जी. ह्या पाचजणांनीच पहिल्यांदा विचारलं, तुझं काय मत हाय."

मग मी मोडलेली मिरची बाजूला ठेवली आणि म्हटलं, "दाव बघू मला तुझा संघ."

तिनं पेपर पसरला आणि हाताला लागेल ते मांडत गेली. अडकित्ता म्हणजे पोलाद. चार्जर म्हणजे वीज. एक लवंगी मिरची म्हणजे आग. पाण्याचा तांब्या म्हणजे पाणी. विषाला काय ठेवावं म्हणून इकडं-तिकडं बघितलं आणि मालकांच्या तंबाखूची पुडी उचलली.

मालक कठड्याशी खुर्ची टाकून बसले होते. "ए, ती ठेव हिकडं! ते विष न्हाय, औषध हाय माझं."

"सामना झाल्यावर देतो, आजोबा."

मग मोगऱ्याच्या कुंडीतलं एक ढेकूळ काढून तिनं पेपरच्या पलीकडच्या बाजूला ठेवलं. म्हणाली, समोरच्यांचा पहिल्या नंबरचा गडी मातीचा आहे. तो नुसता जमीन हादरवतो. आणि एकेक वस्तू उचलून बाजूला ठेवत गेली. मातीपुढं पोलाद जातं. वीज जाते. विष जातं. आग जाते. राहिला एकटा तांब्या.

"तांब्या मातीला मारतोय, पर त्याचा मार खातोय पण. एकटा किती पुरंल?"

मी म्हटलं, "मग काय विचार करायचा त्यात? आग आणि वीज, दोन्ही घाल एकातच. समोरचा दिसतोय न दिसतोय तवर जळून गेला पायजे. झणझणीत!"

"व्हय, तसंच कर," मालकही म्हणाले. आमचं दोघांचं एकमत म्हणजे घरात नवलच.

तिनं आणखी एक मिरची उचलली, चार्जरच्या पिनेला लावली आणि ढेकळासमोर धरली. मग दोन्ही उचलून बाजूला ठेवलं. आग मातीला भिते, वीज मातीला भिते. चार भित्रे होते, त्यात पाचवा.

तेव्हा मला माझी चटणी आठवली. वर्षाच्या तिखटाला आमच्याकडं चटणी म्हणतात. ती डंकावर, मिरची कुटायच्या गिरणीत, कुटून आणायची असते, त्याआधी मिरची निवडायची. ब्याडगी रंगाला, संकेश्वरी चवीला, लवंगी तिखटाला, आणि प्रमाण ज्या त्या घराचं. लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी सासूबाईंनी मला विश्वासानं मिरची आणायला पाठवलं. माझं माहेर आजऱ्याकडचं, तिखटाचा तोरा भारी. आणली सगळी लवंगी. म्हटलं, बघू दे सासरला. बघितलं त्यांनी! वर्षभर घरातली माणसं जेवताना रडायची. जत्रेला आलेले पाहुणे पाण्याचा तांब्या घेऊन अंगणात जाऊन बसले.

हे मी नातीला हसत हसत सांगितलं. ती हसली नाही. तिनं विचारलं, "मग सासूबाईंनी काय केलं?"

"काय करणार? चटणी काय परत मिरची हुतीया? बोलल्या न्हाईत एक शब्द. रोज वाटीभर सुकं खोबरं भाजायच्या, तीळ भाजायच्या, आणि कालवणात घालायच्या. वर्ष काढलं खोबऱ्यानं."

"खोबऱ्याला एकट्याला कुणी इचारत न्हाय, न्हाय का?" एवढंच म्हणून ती उठली. ह्यावरनं कुणी असं समजू नये की मी तिला शहाणपण शिकवलं. मी तर आग-विजेच्या बाजूची. तिच्या डोक्यात ते आधीपासनं शिजत होतं, मी नुसतं झाकण उचललं.

ती आली ती कढीपत्त्याची एक काडी आणि पारव्याचं पीस घेऊन. दोन्ही पेपरवर ठेवलं. "गवत आणि वारा."

मालक खुर्चीत पुढं झाले. "असला हलका गडी? फुंकर मारली तर उडंल की!"

"उडंलच की आजोबा. तेच तर पायजे. जमीन हादरली तर ह्याचा पायच न्हाय जमिनीवर."

मी असली उत्तरं तालमीतल्या वस्तादांकडनं ऐकलेली. मालकांनी हळूच तंबाखूकडं हात नेला, तर तिनं तो मागं सारला.

पण खरं कौतुक पुढंच. तिनं हात धुतले आणि मोबाईलवर त्या पाचजणांना लिहायला बसली. मी म्हटलं, वाचून दाखव. तिनं सुरुवातच अशी केली होती: माझ्या गड्याला पाच गोष्टींची भीती आहे. आग, विष, वारा, दगड आणि बर्फ. बर्फाची तर दुप्पट. आणि मग एकेका भीतीपुढं लिहिलं होतं, त्या वेळी आपल्यातलं कोण पुढं येईल. बर्फ आला तर पोलाद नाही तर आग. आग आली तर पाणी. दगड, विष, वारा आले तर पोलाद. आणि शेवटी, तुम्हा चौघांना मातीची भीती आहे, तिथं मी येईन.

मी घरातल्या आणि भावकीतल्या पोरा-पोरींची किती स्थळं बघितली! पोहे खाल्ले, खोटं ऐकलं. मुलाची खोड मुलाकडच्यांनी आपणहून आधी सांगितली असं एकदाही ऐकलं नाही. आणि ही सतरा वर्षांची पोरगी, जिला आत घ्यायचं का बाहेर ठेवायचं ते उद्या ठरणार, ती आपल्या गड्याचं दुबळेपण पहिल्या ओळीत लिहीत होती.

दोघातिघांनी खुसपटं काढली. एकानं लिहिलं, ह्यापेक्षा आग-वीज बरं. मला मनातनं गुदगुल्या झाल्या, पण मी तोंड मिटून बसले. हिनं एकेकाला नीट उत्तर दिलं, न भांडता. पावणेसहाला कप्तानबाईंचं आलं: पटलं. ठरव.

तिनं बोट टेकवलं. गवत, वारा. झालं.

रविवारी चारला आम्ही तिघं त्या एवढ्याशा पडद्यापुढं डोकी लावून बसलो. मालकांनी चहासुद्धा मागितला नाही. ढेकळाचा गडी आला, काळा, रेड्यासारखा. आमचा पोलादवाला समोर होता, तो मागं गेला आणि हिचा गडी उतरला. पानांच्या पंखांचा, दिसायला चिमणीपेक्षा थोडा मोठा. रेड्यानं जमीन हादरवली. पडदा सगळा थरथरला. आमचा वरच्या वर. काही झालं नाही त्याला! मालकांनी मांडीवर अशी थाप मारली की मांडी माझी होती.

दोन पाळ्यांत रेडा आडवा. आणि मग समोर बर्फ आला, पांढरा, थंड डोळ्यांचा. मी म्हटलं, "मार की! आणि एक घाव मार, जिंकतीयास!" बर्फाचा गडी आधीचा जखमी होता, मला वाटलं घाव लागला तर पडेल. तिचं बोट पडद्यावर थांबलं. बर्फ आला तर दुसरा पुढं येईल, हे आदल्या दिवशी तिनं स्वतःच लिहिलेलं, आणि आज एक घाव मारला तर नाव तिचंच होणार होतं. तिनं आपल्या गड्याला मागं घेतलं. आगीचा पुढं आला, अंगावर बर्फाचा एक घाव झेलला आणि मग त्याला वितळवलं.

सामना हरलो आम्ही. हिचा गडी पुढं विषाच्या घावानं पडला, शेवटी त्यांचा पाण्याचा गडी राहिला आणि आमचा आगीचा, मग काय व्हायचं ते झालं. पोरगी उठून जिन्याच्या पायरीवर जाऊन बसली. मी शेजारी बसले. मला तिच्या खेळातलं सांत्वन येत नाही, म्हणून पाठीवर हात ठेवला नुसता.

थोड्या वेळानं मोबाईल वाजला. तिनं वाचलं आणि माझ्या हातात दिला. कप्तानबाईंनी लिहिलं होतं: बर्फासमोर तू मागं घेतलंस ना, तेव्हाच माझं ठरलं. पुढच्या रविवारी चार वाजता ये.

सोमवारी आम्ही दोघी मिरच्यांची पोती घेऊन डंकावर गेलो. ही गर्दी! आपली मिरची दुसऱ्याच्यात मिसळू नये म्हणून ज्या त्या बायका आपापल्या पोत्याला धरून उभ्या. डंकवाले वही चाळून म्हणाले, "काकी, आज न्हाय जमत. रविवारी या, दुपारी चारला तुमचा नंबर लावतो."

मी बरं म्हणणार तेवढ्यात, जिच्या बोलण्याला हसतात ती माझी नात त्या सगळ्या बायकांतनं, डंकाच्या धडधडीच्या वर आवाज काढून म्हणाली, "चारला न्हाय जमणार ओ मामा. सामना हाय माझा."

"कसला गं सामना?"

"सहाजणांचा संघ हाय आमचा," ती म्हणाली.

रविवारी सकाळी आठचा नंबर मिळाला.