भर दुपारचा कंदील

आज मी जो काही आहे, तो सेलीनताईंमुळे. त्या गेल्याचा फोन आला तेव्हा सिडनीतल्या हॅरिस पार्कच्या फ्लॅटमध्ये मी लॉकडाऊनमुळे अडकलेला होतो. दफनाला मोजक्याच माणसांना परवानगी होती, त्यात मी नव्हतो.

ताई मूळच्या वसईच्या. सिडनीतल्या एका संग्रहालयात लाकडी ठशांनी छापलेली जुनी जपानी निसर्गचित्रं सांभाळायच्या. मी सांगोल्याचा, घरातला पहिला पदवीधर. इथली युनिव्हर्सिटी संपवून गोदामात पॅकिंग करत होतो. वेंटवर्थव्हिलच्या किराणा दुकानात ओळख झाली आणि त्यांनी मला नोंदी करायला हाताखाली घेतलं. सुरुवातीलाच मी एका चित्राची नोंद 'पुलावरची सकाळ' अशी केली. आकाश अगदी फिकं होतं. ताईंनी चष्मा वर सरकवला. "काय रे, सांगोल्यात भर दुपारीसुद्धा कंदील घेऊन फिरतात का?" पुलावरच्या वाटसरूच्या हातात खरंच कंदील होता. मग त्यांनी समजावलं, की या चित्रांत रात्र म्हणजे वरच्या बाजूला हाताने पुसत आणलेला निळा रंग. खाली माणसं, झाडं सगळं स्पष्टच दिसतं. फुलांपासून केलेला तो जुना निळा रंग उजेडाने उडून जातो. "आपल्याला दिवस दिसतो रे... त्या वाटसरूची रात्र संपलेली नसते."

साथीच्या दुसऱ्या वर्षी त्या हॉस्पिटलमध्ये गेल्या. भेटायला बंदी होती. नर्सने व्हिडिओ कॉल लावून दिला. ताईंच्या मागे खिडकीत लख्ख ऊन होतं आणि त्या मला म्हणाल्या, "दिवा लाव ना रे. काही दिसत नाही." नर्स म्हणाली, थकल्यात, नो वरीज. मला मात्र पुलावरचा तो कंदील आठवला. त्यांची रात्र सुरू झाली होती आणि ती फक्त त्यांनाच दिसत होती... लावतो, म्हणालो. कुठे लावणार होतो?

हल्ली मी दुपारीही घरातला एक दिवा चालू ठेवतो. एकट्याला भीती वाटते.

त्या कॉलनंतर गाडी काढून मी हॉस्पिटलपाशी गेलो, आणि पुलाच्या त्या चित्राच्या प्रतीसोबत गाडीतच लिहिलेलं एक पत्र दारावर दिलं. ते कुणी त्यांना वाचून दाखवलं का, हे विचारायचा अजून धीर झालेला नाही. पत्र एवढंच होतं:

"ताई, मला वर सोडत नाहीत. तुमची खिडकी कुठली, तेही कळत नाही. म्हणून खाली पार्किंगमध्ये गाडीचे दिवे लावून बसलोय. येणारेजाणारे काचेवर टकटक करून सांगतात, मेट, दिवे चालू राहिलेत. मी हो म्हणतो. बंद करत नाही."