उलट्या पाण्यावरची सुजाताताई

शेवटची भेट झाली ती कोल्हापुरातल्या दवाखान्यात, भर दुपारी. सुजाताताई, माझी थोरली बहीण, उशीला टेकून बसली होती. पोटाच्या आजारानं तिचं निम्मं अंग नेलं होतं, आवाज मात्र शाळेच्या मैदानावरचाच. मी मुरगूडहून एसटीनं धक्के खात आले होते. त्याची चौकशी नाही, पोराबाळांची नाही, पहिला प्रश्न, "नदीला पानी किती हाय?" "घाटाची चौथी पायरी उघडी पडलीया," मी म्हणाले. "मग शाळेच्या पोरी होड्या घेऊन गेल्या असतील की," एवढं बोलून तिनं डोळे मिटले. मला त्या दिवशी तिला एक गोष्ट सांगायची होती, वीस-बावीस वर्षं सांगायची राहून गेलेली. तिला झोप लागलेली बघून मी उठले. म्हटलं, पुढच्या खेपेला सांगू... दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊजींचा फोन आला. त्याला आता दोन महिने होतील.

पाण्याचं आणि तिचं जमलं ते आमच्या मळ्यातल्या विहिरीत. आप्पांनी एकाच उन्हाळ्यात दोघींच्या पाठीला पत्र्याचे डबे बांधले. ताईनं चार दिवसांत डबा सोडून वरून उड्या मारायला सुरुवात केली. मी डब्यासकट पायरीला चिकटले ती चिकटलेच. पुढं ती गारगोटीला शाळेत खेळाची शिक्षिका झाली. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला तिकडं एक साहसी शिबिर झालं, त्यात तिनं पहिल्यांदा कयाक बघितली. एकट्यानं बसायची निमुळती होडी, कमरेखालचं अंग आत, हातात दोन्ही टोकांना पाती असलेलं वल्हं. शिबिरवाले जाताना एक तडा गेलेली कयाक तिथंच टाकून गेले. ताईनं ती टेम्पोत घातली आणि थेट कोल्हापूरच्या उद्यमनगरात, फायबरच्या टाक्या करणाऱ्या एका माणसापुढं तडा बुजवायला नेऊन ठेवली. त्यानं आधी होडीकडं बघितलं, मग ताईकडं. "बाई, ह्यात पाय घालून बसल्यावर उठायचं कसं?" "उठायचं न्हाईच. उलटं झालं तर परत सुलटं व्हायचं," ताई म्हणाली. हे सुलटं होणं तिनं आमच्याच विहिरीत घोटून घेतलं. आई वरून ओरडायची, "अगं, हिरीत कोन होडी चालवतं!"

मुरगूडच्या खाली वेदगंगा एका जागी आवळते. तळाला खडकाची पायरी आहे. पावसाळा ओसरताना तिच्यावरून पडणारं पाणी पुढं जायचं सोडून मागं वळतं आणि जागच्या जागी उभं राहतं. आमच्याकडं त्याला उलटं पाणी म्हणत, आणि तिकडं कुणी म्हैससुद्धा सोडत नसे. ताई दर रविवारी यायची, आमच्या गोठ्यातली होडी काढायची आणि पंजाबी ड्रेसवर लाल हेल्मेट घालून त्या लाटेवर जाऊन बसायची. होडीचं तोंड वरच्या अंगाला. सगळी नदी तिच्या खालून धावतेय आणि ही जागेवर. कधी डावीकडं झुकते, कधी उजवीकडं, फेसात शिरते, पुन्हा वर येते. बघायला माणसं जमायची. परगावच्या एका म्हाताऱ्यानं एकदा मला विचारलं, "पोरी, ती बाई म्होरं का जाईना?" "तिला कुटं जायचंच न्हाई," मी म्हटलं. इतकं बरोबर उत्तर मी आयुष्यात दुसरं दिलेलं नाही.

माझं काम काठावर. हातात दोरीचं भेंडोळं, एक टोक करंजाच्या झाडाला बांधलेलं. ताई होडीतून बाहेर फेकली गेलीच तर दुसरं टोक तिच्यापुढं टाकायचं. पोहता न येणाऱ्या बहिणीला एवढंच जमण्यासारखं होतं, आणि मला त्याचा गर्व होता, खोटं कशाला बोलू? तिसऱ्या वर्षी वाहत आलेल्या ओंडक्यानं होडी उलटली. ती सुलटी होईना. मग होडी एकीकडं आणि लाल हेल्मेट एकीकडं. एकदा हात वर आला... दोरी माझ्या हातात होती. मी ती टाकली, पण पाण्यात नाही, माझ्याच पायापाशी, आणि बंधाऱ्याकडं पळत सुटले. धुणं धुणाऱ्या बायकांना घेऊन परत आले तेव्हा ताई खडकावर बसली होती. गुडघा फुटलेला, पाणी ओकून झालेलं, आणि मी टाकलेली दोरी ती नीट गुंडाळत होती. "मी मानसं आणाय गेलते," मी म्हणाले. "व्हय," ती म्हणाली. बास, एवढंच.

पुढच्या रविवारी मी डोकं दुखतंय म्हणून पडून राहिले. ती दारात आली, भेंडोळं माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "चल, पानी उतरतंय." मी गेले. त्यानंतर सात-आठ हंगाम मी तिथं उभी राहिले. दोरी फेकायची वेळ पुन्हा आली नाही. त्या दिवसाबद्दल आम्ही कधी बोललो नाही. दुसरं कुणी मिळत नाही म्हणून मला नेते, असं मी मनाशी धरून बसले होते. तिच्या शाळेतल्या मुली यायला लागल्यावर मी हळूहळू घरीच राहायला लागले. ती काही म्हणाली नाही, आणि त्याचाही मी वाईटच अर्थ काढला.

ताई गेल्यावरच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी बुद्धवंदना झाली, जेवणं झाली, आणि शिल्पा माझ्याजवळ येऊन बसली. ताईची जुनी विद्यार्थिनी, आता हातकणंगल्याला नर्स आहे. बोलता बोलता म्हणाली, "मावशी, होडीत बसवायच्या आदी बाई आमाला वर्षभर काठावर दोरी धरून उभं करायच्या. पयला नियम, जागा सोडायची न्हाई."

मी चहाचा कप खाली ठेवला. "आणि कोन भिऊन पळालं तर?" मी विचारलं.

"मीच पळालते की एकदा! वाटलं, आता बाई हाकलून देणार. तर फुडच्या रविवारी त्यांनी दोरी माझ्याच हातात दिली. म्हणल्या, 'एकदा पळालेलं मानूस परत पळत न्हाई. माझ्या दोरीवर इतकी वर्षं तसलंच मानूस हुतं, म्हणून मी बिनघोर बसले.'" मग ती जरा पुढं सरकली. "कोन हुतं ओ मावशी, त्यांच्या दोरीवर?"

"मी," म्हटलं. आणि ताईला सांगायचं होतं ते सगळं, त्या ओंडक्यापासून, शिल्पाला सांगितलं.