अर्ध्या रेघेचा फरक

वहिनीचा फोन आला तेव्हा मी वाळूजच्या कारखान्यात तपासणीच्या टेबलाशी होते. दादा गेला, एवढंच ती बोलली. हातातल्या यादीतल्या उरलेल्या चार ओळी मी भरल्या, सही केली आणि मग निघाले. चिकलठाण्याला त्याच्या दाराशी बँडवाल्यांची गर्दी होती. त्यांतल्या एकानं दुसऱ्याला माझी ओळख करून दिली, "ह्या मास्तरांच्या बहीण." त्या दिवशीसुद्धा मला ते टोचलं… त्याला पाच आठवडे झाले.

आमचे वडील लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. क्लॅरिनेटचा जो भाग ओठांत धरतात, तो माउथपीस. त्याच्या ज्या बाजूवर रीड, म्हणजे वेताची पातळ पट्टी, बसते, ती टोकाकडे किंचित वळत जाते. ते वळण बिघडलं की सूर बिघडतो, मग घासून ते नीट करावं लागतं. घासायचा दादा. त्याआधी मोजणं माझ्याकडे. रेघा आखलेल्या काचेवर माउथपीस ठेवायचा, फिलर गेजचं अगदी पातळ पान फटीत सरकवायचं, जोर न लावता ते जिथं थांबेल तिथली रेघ वाचायची. आधी डावी कड, मग उजवी. दर रविवारी नऊ वाजता जाऊन मी आकडे लिहून द्यायची. तो खिडकीकडे तोंड करून घासायचा आणि नाव त्याचं व्हायचं. जालन्याहून, परभणीहून लोक यायचे. आकडे कुणाचे, हे कुणी कधी विचारलं नाही.

एका रविवारी त्याच्या वहीत माझ्या प्रत्येक आकड्याशेजारी पेन्सिलीनं 'अर्धी कमी' लिहिलेलं दिसलं.

"हे काय, दादा?"

"तुझं पान झिजलंय गं. जरा जास्तच आत जातं. म्हणून मी अर्धी रेघ कमी धरतो."

"कधीपासून?"

"लई वर्षं झाली."

"मग सांगितलं का नाय?"

"काय अडत नव्हतं. तुझी चूक एकदम पक्की, शोभे. दर वेळी तेवढीच." आणि हसला.

कारखान्यात प्रत्येक गेज तारीख बघून तपासायला पाठवणारी मी. घरचं पान एकदाही तपासलं नव्हतं. त्याच आठवड्यात मी नवं आणलं. पुढच्या रविवारी त्यानं विचारलं, "पान बदललं का?" मी "नाय" म्हणाले. मला त्याला एकदा तरी चुकलेलं पाहायचं होतं.

तो चुकला. माझ्या बरोबर आकड्यातून त्यानं अर्धी रेघ वजा केली आणि वळण तेवढं कमी पडतंय असं समजून जास्त घासलं. घासलेलं परत भरता येत नाही. ज्याचा माउथपीस होता तो म्हातारा वाजवणारा बुधवारी परत आला, "मास्तर, फुसका लागतोय हो." दादानं स्वतःच्या क्लॅरिनेटचा माउथपीस काढून त्याला दिला. रविवारी मला विचारलं, "पान तेच हाय ना?"

"तेच."

"मग हात गेला माझा. मोजण्यात तू खोटं सांगायची नायस." असं म्हणून पॉलिशपेपर माझ्यापुढे सरकवला. त्यानंतर त्यानं कधी घासलं नाही. काम माझ्याकडे आलं. आठ दिवस मी खुशीत होते. मग माझ्या दर आठवड्याच्या यादीत शेवटी एक ओळ यायला लागली, 'दादाला सांगणे'. ती ओळ मी दोन वर्षं पुढच्या यादीत उतरवत राहिले…

मागच्या रविवारी पैठणचा एक वाजवणारा जुना माउथपीस घेऊन आला. दादानं फार पूर्वी घासलेला, माझ्या झिजलेल्या पानाच्या काळातला. नव्या पानानं मोजला. डावी आणि उजवी कड एकाच रेघेवर, हवी होती तिथंच. पुन्हा मोजला. चूक सापडावी असं मला तेव्हाही वाटत होतं.

"किती घासावं लागंल, ताई?"

"काहीच नाही. रीड बदला," मी म्हणाले. "मास्तरांचा हात आहे हा. त्यांचा हात गेला नव्हता. पान मी बदललं होतं."

त्याला काहीच कळलं नाही. "बरं," म्हणून तो माउथपीस रुमालात गुंडाळायला लागला. ज्याला हे सांगायचं होतं, त्याच्या खुर्चीत मीच बसले होते.