आईच्या मोबाइलवर अख्खं ऑफिस

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. कारण या प्रकरणात सगळ्यात शहाणा मी होतो, आणि तिथेच सगळं बिघडलं.

मदन महालजवळच्या आमच्या ऑफिसात एका बँकेचं सॉफ्टवेअर बनतं. त्यासाठी टीम मात्र ढीगभर. कर्जाची वेगळी, विम्याची वेगळी, कार्डाची वेगळी. एका टीमने डोकं फोडून जे शोधलं, तेच शोधायला शेजारची टीम पुढच्या आठवड्यात पुन्हा डोकं फोडते. मध्ये फक्त एक काच. मला हे बघवेना. मी सगळ्या टीममधल्या टेस्टरांची, म्हणजे सॉफ्टवेअर तपासून बघणाऱ्यांची, एक कम्युनिटी काढली. दर गुरुवारी तासभर जमायचं, जो शिकला त्याने सांगायचं, बाकीच्यांनी उचलायचं.

घरी, चेरीतालला, मी हे मोठ्या तळमळीने समजावलं. बाबा म्हणाले, "म्हणजे मंडळच ना? मग गणपती कुठं बसवून राहिले?"

आमचे मॅनेजर दुबे सर त्याहून रोखठोक. "एक महीना देता हूँ. किसी ने यहाँ से कुछ उठाया तो चलेगा, नहीं तो बंद."

पहिल्या गुरुवारी कोणी तोंड उघडेना. मग मीच माझी एक फाइल वाटली. बँकेचे मेसेज ग्राहकाला नीट जातात का, हे तपासायची. नाव आणि मोबाइल नंबर भरा, बटण दाबा, झालं. वर भाषणही ठोकलं, की नुसतं कॉपी करू नका, समजून घ्या. घाईत एवढंच सांगायचं राहिलं, की नमुन्यात मी भरलेलं नाव आणि नंबर बदला. तो कोणाचा होता, ते येतंच पुढे.

त्यानंतर दर गुरुवारी मी विचारायचो, "कोणी वापरली का फाइल?" सगळे आपापल्या नखांकडे बघायचे. इकडे माझा जीव तुटतोय, आणि घरी वेगळाच त्रास.

"गोलू, मला गृहकर्ज मंजूर झालं म्हणे. मी तर मागितलंच नाही."

"आई, फ्रॉड आहे. डिलीट कर."

"अरे, पूर्ण वाचू तर दे."

"वेळ नाही गं."

दुसऱ्या दिवशी सकाळी आईला आपल्या दिवंगत पतीच्या विम्याचा दावा मंजूर झाल्याचं कळलं. दिवंगत पती समोर बसून पोहे खात होते.

"अच्छा? किती देऊन राहिले?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही चुप बसा." मग माझ्याकडे वळून, "काहून येऊन राहिले रे हे माझ्याच नंबरवर?"

मी उभ्या उभ्या दोघांना ऑनलाइन फसवणुकीवर भाषण दिलं आणि निघालो. मेसेज वाचला का? छे. जगाला शिकवायला निघालेल्या माणसाला आईचा फोन वाचायला वेळ कुठून असणार?

शेवटचा गुरुवार उजाडला. दुबे सर स्वतः येऊन बसले. "हाँ भई, किसने क्या उठाया?"

नखं. पुन्हा सगळ्यांची नखं. माझी कम्युनिटी डोळ्यांदेखत मरत होती, आणि खिशात फोन थरथरत होता. आईचा. मी कापला. पुन्हा आला. पुन्हा कापला.

"उठा लो यार, माताजी हैं," सर म्हणाले.

गडबडीत माझं बोट स्पीकरवर पडलं.

"गोलू, आता कापू नको. आम्ही सायबर ठाण्यात निघालो, बाबा स्कूटर काढून राहिले. फक्त एवढं सांग, ही टेस्ट देवी कोण? कर्जवाले, विमेवाले, कार्डवाले, सगळेच 'प्रिय टेस्ट देवी' लिहून राहिले, अन् नंबर माझा."

विमा टीमच्या नेहाने हळूच विचारलं, "भैया, आपकी फाइल में जो नंबर था... वो असली था?"

होता. फाइल बनवताना माझा फोन बंद पडला होता, म्हणून मी 'टेस्ट देवी' या खोट्या नावापुढे शेजारी पडलेल्या आईच्या फोनचा नंबर टाकला. पाच मिनिटांसाठी. आणि सगळ्या टीमनी ती जशीच्या तशी उचलली. मेसेज गेल्याची हिरवी खूण दिसली की खूश. तो पोचला कुठे, हे कोण बघतंय?

"अरे, मग इतके दिवस बोलला का नाहीत?" मी कळवळून विचारलं.

"बोलते तो आप अगले गुरुवार हमसे भाषण करवाते," नेहा म्हणाली.

दुबे सरांनी आधी बाबांना स्कूटर आत ठेवायला सांगितलं. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "चलो, साबित हो गया. सबने उठाया. चलने दो."

तर कम्युनिटी चालू आहे. नंबर बदला म्हणून मी सगळ्यांना मेल टाकला, तो मात्र अजून कोणी उचललेला नाही. परवा जेवताना आई म्हणाली, "कार्डवाल्यांचं काही अटकलं वाटते. सोमवारपासून एकच मेसेज येऊन राहिला. अन् विमेवाल्यांनी बाबांना पुन्हा मारलं."

ऑफिसात विचारलं, तर खरंच अटकलं होतं. आता गुरुवारी मी बोलायला उभा राहिलो, की दुबे सर हात वर करून थांबवतात.

"तुम बैठो. माताजी को फोन लगाओ."