बाबांच्या समुद्रातल्या जागा

माझे बाबा कोणावर विश्वास ठेवत नाहीत, हे आमच्या अख्ख्या गावाला ठाऊक आहे आणि बाबांना त्याचा अभिमान आहे. ते तांडेल. म्हणजे होडी त्यांची आणि होडीवर शब्दही त्यांचाच. शिरगावच्या बाजूला आमचा किनारा आहे. तिथं तांडेलाची खरी मालमत्ता होडी नसते, जाळंही नसतं. समुद्रात मासा कुठे उभा राहतो त्या जागा, ही त्याची मालमत्ता. घोळीसारखा महाग मासा एकदा सापडला की घराचं छप्पर बदलतं. म्हणून अशा जागा कोणी कोणाला सांगत नाही. सख्ख्या भावाला नाही, आणि मुलीला तर नाहीच नाही. मुलगी लग्न करून दुसऱ्या कोळीवाड्यात जाणार आणि तिथला तांडेल तिचा सासरा नाहीतर नवरा असणार.

बाबांना मुलगा नाही. मी एकटीच.

पूर्वी ते या जागा डोक्यात ठेवत. किनाऱ्यावरच्या कारखान्याची उंच चिमणी अमुक डोंगराच्या शेंड्याखाली आली की थांबायचं, असा हिशोब. मग होडीवर जीपीएस आला आणि हळूहळू बाबांच्या डोळ्यांत मोतीबिंदूही आला. चिमणी दिसेना, डोंगर दिसेना, तेव्हा सगळी भिस्त त्या यंत्रावर. यंत्र बिघडलं तर काय, या भीतीनं त्यांनी माझं लग्न ठरलं त्या सुमारास मला समोर बसवलं आणि सगळ्या जागांचे आकडे माझ्याकडून लॅपटॉपवर लिहवून घेतले. दार लावलं, खिडकी लावली, पायाशी घोटाळणाऱ्या मांजरालाही बाहेर काढलं. पेन ड्राइव्हवर ठेवायचं नाही, फोनवर नाही, मेलवर नाही. मी क्लाउड म्हणजे काय ते समजावून सांगायला गेले, तर म्हणाले, "ढगात ठेवतात? कोनाच्या ढगात?"  याचं उत्तर मलाही नीट ठाऊक नव्हतं.

लग्नानंतर तो लॅपटॉप माझ्याबरोबर तारापूरच्या बाजूच्या माझ्या सासरी आला. माझा नवराही तांडेल. बाबांनी एका शब्दानं अडवलं नाही. लेक परक्याचं धन, असं उठताबसता म्हणणाऱ्या माणसानं आपली सगळी पुंजी त्या लेकीबरोबर सासरी जाऊ दिली, याचा मला केवढा अभिमान वाटला होता! नवऱ्याला मी त्यातलं अक्षर सांगितलं नाही. माझ्यावर ठेवलेला विश्वास मी असा जपत होते.

यंदा पावसाळी मासेमारीबंदीत होड्या किनाऱ्यावर ओढल्या आणि बाबांनी जीपीएस दुरुस्तीला दिला. मेकॅनिकनं तो चालू करून दिला, पण आतली सगळी साठवण कोरी करून. "मुद्दाम केलान," बाबा फोनवर म्हणाले. "आदी उतरवून घेतलान, मग पुसलान." मी म्हटलं, बाबा, त्या यंत्राला तसंच करावं लागतं. ते म्हणाले, "तुज्याकडं हाय ना?"

मी म्हणाले, "हाय."

ते खरं नव्हतं. कारण आदल्याच आठवड्यात मी हात दाखवून अवलक्षण करून ठेवलं होतं. मी तारापूर एमआयडीसीतल्या एका कंपनीत कॉम्प्युटर विभागात आहे. लिनक्स शिकलीस तर पुढे जाशील, असं साहेब म्हणाले, म्हणून मी घरच्या लॅपटॉपवर विंडोजच्या शेजारी लिनक्स ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम टाकायला बसले. दोन्ही एकाच डिस्कवर राहतात, आणि लॅपटॉप सुरू होताना कोणाला उठवायचं ते बूटलोडर नावाचा छोटा प्रोग्रॅम ठरवतो. तो मी चुकीच्या ठिकाणी बसवला. लॅपटॉप सुरू केला की काळा पडदा आणि एक ओळ, एवढंच. ते निस्तरायला घाईत आणखी एक दुरुस्ती चालवली, तर डिस्कचे भाग कुठे सुरू होतात आणि कुठे संपतात ती नोंदच पुसली गेली. बाबांच्या जागा ज्या भागात होत्या, तो भाग आता 'रिकामी जागा' म्हणून दिसत होता. सवडीनं बघू म्हणून मी तो कपाटात ठेवला होता.

दोन दिवसांनी मी बाबांना खरं सांगितलं.  ते म्हणाले, "बोईसरला दुकानात घेऊन ये. मी बी येतो."

बोईसरला एका दुकानात आम्ही दोघं गेलो. दुकानदारानं लॅपटॉप उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाला, "मैडम, दो दिन छोड़ के जाओ. सब निकाल देंगे."

"सब?" बाबा पुढे झाले. "सब कशाला? आमाला एकच पायजे."

दुकानदार हसला, म्हणाला, "चाचा, निकलेगा तो सब निकलेगा." बाबांनी त्याच्या हातातून लॅपटॉप ओढून घेतला. बाहेर आल्यावर मी चिडून म्हटलं, अहो, तो कुठचा कोण, त्याला समुद्रातलं काय कळतंय? "त्याला नाय कलत," बाबा म्हणाले, "पन त्याच्या दुकानात जागा इकत घ्यायला पैसं असलेली मानसं येतात."  रिक्षात मी त्यांच्याकडे पाठ करून बसले.

म्हणजे काम मलाच करायचं होतं, आणि तेही माहेरी, बाबांच्या डोळ्यांसमोर. रविवारी सकाळी मी निघाले. नवऱ्यानं बॅग उचलून बाइकवर ठेवली, मला रिक्षा स्टॅंडपर्यंत सोडलं. "लॅपटॉप नीट करायला माहेरी कशाला?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, तिथं निवांत असतं. त्यानं पुन्हा विचारलं नाही.

अशा कामाचा पहिला नियम असा, की बिघडलेल्या डिस्कला थेट हात लावायचा नाही. आधी तिची जशीच्या तशी नक्कल दुसऱ्या डिस्कवर उतरवायची आणि सगळे प्रयोग नकलेवर करायचे. त्यासाठी मी ऑफिसातून एक मोठी डिस्क मागून आणली होती. बाबांनी ती हातात घेऊन वजन केल्यासारखी धरली.

"कोनाची?"

"ऑफिसची."

"मग ती परत द्यायची?"

"द्यायलाच लागेल ना."

त्यांनी ती माझ्या पिशवीत परत टाकली आणि पिशवीची चेन लावली. मी समजावलं, रागावले, नक्कल नसताना हात चुकला तर मुळातलंच कायमचं जाईल असं हात जोडून सांगितलं. त्यांचं एकच. माझ्या जागा दुसऱ्याच्या डब्यात जानार नाय. होडी समुद्रात जायला थोडेच दिवस उरले होते. भांडायला वेळ नव्हता.

पेन ड्राइव्हवरच्या लिनक्सनं मी लॅपटॉप सुरू केला आणि हरवलेले भाग शोधणारा प्रोग्रॅम लावला. बाबांनी खुर्ची ओढून माझ्या खांद्यामागे मांडली. "मासा गेला का हाय?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, जाळं खाली तसंच आहे, वर पाण्यावर तरंगणारी बोय तेवढी तुटलीय, ती कुठे होती ते शोधतेय. हे त्यांना पटलं. पण खुर्ची हलली नाही. मी एखादं बटण दाबलं की लगेच, "ते काय केलंस?" मी खाजवायला हात उचलला तरी तेच.

प्रोग्रॅमला तीन भाग सापडले आणि तिन्ही एकमेकांवर चढलेले. एकच खरा, बाकीचे जुन्या कुठल्यातरी मांडणीचे उरलेले अवशेष. चुकीचा निवडून पक्का केला, की संपलं. मी एकेकाच्या आत डोकावून फाइलींची नावं बघत गेले. पहिल्यात कचरा होता. दुसऱ्यात माझ्या लग्नाचे फोटो दिसले, कॉलेजचे प्रोजेक्ट दिसले आणि खाली बाबांची फाइल.  तो भाग निवडला, देवाचं नाव घेतलं आणि 'लिही' हे बटण दाबलं. लॅपटॉप बंद करून पुन्हा सुरू केला. सगळं जागच्या जागी होतं.

बाबांनी दोन्ही हात जोडून कपाळाला लावले आणि पाणी प्यायला आत गेले.

अशा फाइली कधी कधी उघडतात, पण आतून सडलेल्या असतात. म्हणून मी एक आकडा फोनच्या नकाशावर टाकून पाहिला. जागा सालवडला निघाली, कामगारांच्या चाळींवर. दुसरा आकडा बेटेगावच्या शेतात. तिसरा पालघर स्टेशनच्या पलीकडे. मला रडू यायचं बाकी होतं. सगळे आकडे बिघडले, मी बाबांना संपवलं, असंच वाटलं.

मग मला यादीत 'खडक' दिसला. आमच्या खाडीच्या तोंडाशी एक खडक आहे. ओहोटीला किनाऱ्यावरून उघड्या डोळ्यांना दिसतो. होडी आपटू नये म्हणून तोही बाबांनी लिहवून घेतला होता. फाइलीतला हा खडक पालघरच्याही पूर्वेला, डोंगराच्या पायथ्याशी जाऊन बसला होता. खऱ्या खडकापासून किती पूर्वेला, ते मी मोजलं. तेवढंच अंतर बाकीच्या जागांतून वजा केलं, तर एकेक जागा उठून समुद्रात जाऊन बसली. डिस्क बिघडली तर आकडे वाटेल तसे बिघडतील. सगळे एकाच मापानं बिघडणार नाहीत. हे माणसानं केलेलं होतं, मला आकडे सांगतानाच, दार खिडक्या लावून.

"फोन कशाला?" बाबा दारात उभे होते.

"खोटे आकडे दिलेत मला."

 ते खुर्चीवर बसले. "तुला नाय दिलं खोटं," ते म्हणाले. "तुज्या सासरला दिलं."

"तेव्हा मला सासर नव्हतं, बाबा."

"व्हनार व्हतं."

मला इतका राग आला की मी उठून ओटीवर गेले. लॅपटॉप माझ्याबरोबर जाऊ दिला म्हणून मी इतकी वर्षं मिरवत होते, आणि त्यांनी रिकामी पेटी माझ्या हाती दिली होती. थोड्या वेळानं आत आले, तर त्यांनी जीपीएस मांडीवर घेतला होता. डोळ्यांना दिसत नव्हतं म्हणून आकडे मीच वाचून दाखवले. ते माझ्याकडे पाठ करून मनातल्या मनात वजाबाकी करत आणि सवयीनं चाचपून बटणं दाबत. ती वजाबाकी मला आता पाठ होती. आम्ही दोघांनीही ते तोंडानं म्हटलं नाही.

शेवटी म्हणाले, "आता पूस."

मी फाइल पुसली. त्यांनी मान हलवली. "पुसलेलं तू आताच परत आनलंस."

खरं होतं. मग मी त्यांना समजावलं, की त्याच जागेवर दुसरं काही लिहिलं की पहिलं परत येत नाही. फोटो बाजूला काढून तो सगळा भाग मी शून्यांनी भरला. ते पडद्यासमोर शेवटपर्यंत बसून राहिले.

"गेलं?"

"गेलं."

"आनि डोक्यातलं?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना अंधूक दिसतं, पण त्या वेळी सगळं दिसत असावं. मी म्हटलं, "ते नाय पुसता येत, बाबा."

"मग ऱ्हाऊ दे," ते म्हणाले आणि जीपीएस उचलून होडीकडे गेले. हा विश्वास होता की नाइलाज, ते मला त्यांच्या आवाजावरून ठरवता आलं नाही. मी विश्वास समजायचं ठरवलं.

संध्याकाळी सासरी परतले. जेवताना नवऱ्यानं भात कालवता कालवता विचारलं, "काय गो, मिलाल्या का बाबांच्या जागा?"

मी त्याच्यासमोर 'जागा' हा शब्द कधीच काढला नव्हता. लॅपटॉप बिघडलाय, एवढंच तो माझ्या तोंडून ऐकून होता. जीपीएस कोरा झाल्याची बातमी किनाऱ्यानं इथपर्यंत आली असेल, हेही शक्य होतं. आमच्याकडे माशांपेक्षा बातम्या लवकर विकल्या जातात.

"नाही," मी म्हटलं. "सगळं गेलं."

"जाऊ दे," तो म्हणाला. "तशा बी त्या..." आणि थांबला. घास तोंडात घातला आणि खाली मान घालून जेवत राहिला.

तशाही त्या खोट्याच होत्या, असं तो म्हणणार होता का? लॅपटॉपचा पासवर्ड त्याला ठाऊक होता. लग्नाच्या पहिल्या महिन्यात मीच त्याला दिला होता, कारण आपल्या माणसापासून काय लपवायचं, असं मला वाटलं होतं.

मी त्याला आणखी भात वाढला. ते वाक्य पुरं कर, असं मी त्याला अजून म्हटलेलं नाही.