पाणी देणाऱ्या बाईचं नाव

भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नाही, हे आधीच सांगते. आमचं घर बौद्ध. कुणी भानामतीची गोष्ट काढली की आमचे दादा हातातला चहा ठेवून उठून जायचे. तरी हे लिहितेय... कारण मला ते अजून उमगलेलं नाही.

लातूर जिल्हा होऊन थोडीच वर्षं झाली होती, त्यात दुष्काळ. आडत बाजारामागं पत्र्याच्या शेडमध्ये बेघरांचा निवारा होता, तिथली देखरेख माझ्याकडं. बेघर म्हणजे दारुडे आणि भिकारी, असं आमच्या साहेबांचं ठाम मत. प्रत्यक्षात यायचे उदगीरकडचे हमाल, देगलूरकडची तेलुगू बोलणारी कुटुंबं, नवऱ्यानं टाकलेल्या बाया, लेकांना जड झालेली म्हातारी माणसं.

त्यातच ही साठीची बाई. तोंडातून शब्द नाही. आल्यागेल्याला आधी पाणी द्यायचं, हे काम मात्र तिनं आपणहून घेतलेलं. साहेब म्हणाले, "नाव-गाव सांगत नाही म्हणजे वेडीच. सोमवारी पाठवा वेड्यांच्या दवाखान्यात." माझा नुसता तिळपापड झाला. पण तिचं नाव आणू कुठून?

त्याच आठवड्यात एक हमाल आला. पाणी पिऊन म्हणाला, "बस झालं, सोजरमाय."

"ओळखता हिला?"

"न्हाई बा."

तो गेला. मग देगलूरकडची एक बाई आली. लेकरासाठी पेला पुढं करत म्हणाली, "सोजरम्मा, नीळ्ळु," म्हणजे पाणी. मी चरकले. नंतर आले उमरीचे एक आजोबा — दोन्ही डोळ्यांनी आंधळे. तांब्या घेतला नि म्हणाले, "सोजर, लई थकलीस लेकी."

"आजोबा, नाव कुणी सांगितलं?"

"कोन सांगंल बाई? तोंडात आलं."

शेवटी धीर करून मीच हाक मारली, "सोजरबाई." ती ढसाढसा रडली... आणि बोलली. निलंग्याला लेक हाय, दुष्काळी कामावरून येताना चुकले, म्हणाली. 'सोजरबाई इथं आहेत' असा एसटीच्या कंडक्टरकडं लेकीला निरोप धाडला. रविवारी लेक धापा टाकत हजर.

"सोजर कोन?" ती दारातच म्हणाली. "माझी माय हरवलीय, पर तिचं नाव कलावती हाय."

 पण आतून म्हातारी धावत आली नि दोघी गळ्यात पडल्या.

"लग्नात बदललं गं नाव," म्हातारी डोळे पुसत म्हणाली. "माझी माय गेली, तवापासून सोजर कुणी म्हनलंच न्हाई."

लेकीलाही ठाऊक नसलेलं नाव त्या तिघांच्या तोंडी आलं कुठून? योगायोग, म्हणतात लोक. असेल. मला तरी आजवर उत्तर सापडलेलं नाही.

सोमवारी साहेबांनी विचारलं, "ती वेडी गेली का?"

म्हटलं, "सोजरबाई लेकीकडं गेल्या."