माकणीला नसलेली वही

रंजना गेल्याचा तिच्या भावाचा फोन आला, तेव्हा मी धाराशिवच्या कॉलेजात पेपरांचे गठ्ठे बांधत होते. त्याला सव्वा महिना झाला. अजून लोक थांबवून सांगतात, काय शिकली हो पोरगी, किती विषय... मी मान हलवते. खरं सांगते, अजूनही झोंबतं.

आम्ही दोघी बेंबळीच्या. आमच्या घरात पदवी घेतलेली पहिली मी, आणि ते मी कुणालाही ताठ मानेनं सांगते. एम.ए.ला दोघींनी अर्थशास्त्र घेतलं. पहिला नंबर माझा यायचा, पण अवघड प्रश्न टाकला की सर बघायचे तिच्याकडं. शेवटच्या परीक्षेआधी ती तापानं पडली, बरी झाल्यावर माझी वही मागायला आली. वही घरातच होती, उशीखाली. मी म्हणाले, माकणीला मावशीकडं राहिली. मनात म्हटलं, एवढ्या लांब कोण जातंय?

ती गेली. सकाळच्या एसटीनं गेली आणि दोन दिवसांनी आली.

"वही न्हाय सापडली गं. पर तुझी मावशी सापडली."

मावशीचं जुनं गाव माकणीच्या धरणाच्या पाण्याखाली गेलेलं. त्या गावचे शब्द, धरणावर उतरणारी पाखरं, पंचमीच्या फेराची गाणी... मावशी दोन दिवस बोलत राहिली होती. मला तिनं यातलं काही सांगितलं नव्हतं. मी तरी कधी बसले होते तिच्यापाशी?

अर्थशास्त्र संपवून मी नोकरीला लागले. रंजनानं विद्यापीठात भाषेला प्रवेश घेतला, मावशीच्या शब्दांपायी. मग पाणथळ जागांच्या संवर्धनाचा अभ्यासक्रम केला. शेवटी प्रयोगकला. तिच्या परीक्षेच्या प्रयोगात मावशी नवं लुगडं नेसून विद्यापीठाच्या मंचावर गायली. मी तिसऱ्या रांगेत होते. खाली उतरल्यावर मावशी मला म्हणाली, "तू बी येत जा की कधी. रंजी दर पंचमीला येती." माझी मावशी, आणि बोलावणं मला असं, पाहुण्यासारखं.

त्या दिवशी मी रंजनाला टोचूनच विचारलं, अजून किती कोर्स करणार आहेस?

ती हसली. "तुझी वही सापडली की थांबते."

तिला कधीपासून ठाऊक होतं, देव जाणे. मी विषय बदलला. पुढं तिच्या आजारपणात दोनदा भेटले, तेव्हाही बदललाच.

परवा तिच्या घरी गेले. खोली होती तशीच आहे. टेबलावर तिच्या वह्या, एकावर एक, भाषेच्या, पाखरांच्या, गाण्यांच्या. मी पिशवीतून माझी वही काढून त्यांच्याखाली सरकवली. तिच्या आईनं विचारलं, "ही कुणाची गं?"

"रंजीनं मागितली होती, काकू. द्यायची राहिली."

राहिली नव्हती. तिथंही तोंडातून खरं निघालं नाही, म्हणून हे लिहिलं.